बिनतक्रार म्हणजे निरोगी?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात जानेवारी १९८९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला होता. इतक्या वर्षांनी तो पुन्हा कशासाठी वाचायचा? त्यातला प्रश्न मराठवाड्यात अजून सुटलेला नाही आणि त्याचा एक धागा थेट आपल्या वर्गापर्यंत येतो, म्हणून.

निबंधातले आकडे असे. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी काही ना काही तक्रार सांगितली, ४५ टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग, आणि त्यांतले निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे. पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या.

हे आकडे मुलांना गणित म्हणून द्यावेत. निरोगी स्त्रिया ८ टक्के. त्या सगळ्या बिनतक्रार गटातल्याच होत्या असे धरले, तरी ४५ मधून ८ वजा जाता ३७ उरतात. म्हणजे शंभरातल्या किमान ३७ स्त्रियांना रोग होता आणि त्या गप्प होत्या. आमच्या मते निबंधाचा गाभा ९२ या आकड्यात नसून या वजाबाकीत आहे. दवाखान्यातली नोंदवही ही केवळ येणाऱ्यांची नोंद असते. न येणाऱ्यांची मोजणी करायची तर गावातच जावे लागते. या संशोधकांनी ते केले, हे त्यांचे मोठे काम.

पण चांगला निबंधही डोळसपणे वाचावा लागतो. एक तर गावे दोनच होती. त्यांवरून साऱ्या देशाची टक्केवारी काढता येत नाही. दुसरे म्हणजे, ‘रोग’ या एका शब्दाखाली पाळीच्या तक्रारींपासून जंतुसंसर्गापर्यंत बरेच काही येते. यादी लांबवली की सरासरी वाढते. रोग किती आहेत हे ३.६ वरून कळते, ते किती गंभीर आहेत हे कळत नाही. औषधाच्या एका क्रमाने बरा होणारा संसर्ग आणि शस्त्रक्रिया लागणारा आजार या मोजणीत शेजारी बसतात. बाईच्या आयुष्यात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

हे अंतर विसरले की काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखवले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०१९ साली जी माहिती आली, तिच्यानुसार पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. हे प्रमाण जवळजवळ १७ टक्के येते. कारणे गुंतागुंतीची आहेत. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, खाडा झाला की दंड, फडात ना पाणी ना आडोसा. त्यात अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखाना गाठला की ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ ही भीती. एकीकडे ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ आणि दुसरीकडे ‘काढून टाका’. या दोहोंच्या मधली जागा ज्ञानाची होती. ती रिकामी राहिली.

ते ज्ञान फार अवघड नाही. पाळीच्या चक्राच्या मध्यावर पातळ, वास नसलेला स्राव वाढणे स्वाभाविक आहे. रंग बदलला, दुर्गंधी आली, खाज किंवा ओटीपोटात दुखणे असले तर तपासणी हवी. पण बहुतेक संसर्ग औषधांनी बरे होतात. बाळंतपणानंतर सुमारे एक किलो वजनाचे गर्भाशय पूर्ववत लहान व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. आपल्याकडचा सव्वा महिना जवळपास तेवढाच आहे. ओल्या बाळंतिणीला मोळ्या उचलायला लावणे म्हणजे अंग बाहेर येण्याला निमंत्रण. सलग बारा महिने पाळी आली नाही की ऋतुनिवृत्ती झाली असे म्हणतात; त्यानंतर पुन्हा रक्त गेले तर विलंब न लावता तपासून घ्यावे. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले तर ऋतुनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. बीजकोष ठेवले तरी ती काहीशी आधी येऊ शकते. पस्तिशीतल्या बाईला हे आधी सांगितलेच पाहिजे.

आता आपल्या पाठ्यपुस्तकाकडे वळू. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मासिक चक्र आहे, तसेच आयव्हीएफ, सरोगसी आणि वीर्यपेढीही आहे. प्रगत तंत्र मुलांना कळावे, याला आमची हरकत नाही. पण आईच्या, आजीच्या शरीरात जे रोज घडते त्याला तितकी जागा नाही, ही त्या प्रकरणाची उणीव आहे.

आणि दहावी म्हणजे उशीरच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के. गंगाखेड, सोनपेठकडच्या शाळांत दिवाळीनंतर जी बाके रिकामी होतात, त्यांतल्या काही मुली त्या पाठापर्यंत पोहोचतच नाहीत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. हा पाठ आठवीतच घ्यावा, मुलगे-मुली दोघांनाही शिकवावा, आणि ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देऊ नये. गावच्या आरोग्यसेविकेला वर्गात बोलवावे. गडचिरोलीच्या निबंधाने गप्प राहणाऱ्या ३७ जणी दाखवल्या. वर्गात मुलीला नेमके शब्द मिळाले, तर पुढे दवाखान्यात ती लक्षण सांगू शकेल आणि ‘दुसरा उपाय नाही का?’ असे विचारूही शकेल.