आकाश दाखविणारी माणसे

१९९५ सालची दिवाळी माझ्या चांगली लक्षात राहिली आहे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन झाले आणि दुसऱ्याच दिवशी, २४ ऑक्टोबरला, सकाळी सूर्यग्रहण लागले. उत्तरेकडे खग्रास, आमच्याकडे खंडग्रास. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आजीने पहाटेच फराळाच्या डब्यांवर तुळशीची पाने ठेवली, दारेखिडक्या लावून घेतल्या आणि आम्हा सगळ्यांना माजघरात बसविले. टीव्ही मात्र तिने बंद करू दिला नाही. “टीव्हीतले ग्रहण कुणाला लागत नसते,” असा निर्णय तिनेच दिला.

पडद्यावर प्रा. यश पाल ग्रहण समजावून सांगत होते. वयाने वडीलधारे, बोलणे सोपे, आणि चेहऱ्यावर आनंद असा की जणू त्यांच्याच घरी पाहुणा यायचा होता. राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत चंद्राची सावली धावत गेली. सूर्य झाकला, हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकला, आणि पुन्हा उजाडले. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “इतकी माणसे उघड्यावर उभी आहेत, त्यांना काही झालेले दिसत नाही.” तिने उठून मागचे दार वीतभर उघडले. “वर बघायचे नाही हं!” असे बजावून मला उंबऱ्यापर्यंत जाऊ दिले. अंगणात आंब्याच्या पानांतून ऊन पडले होते, आणि त्या उन्हाचा प्रत्येक ठिपका चंद्रकोरीसारखा होता! सारवलेल्या जमिनीवर शेकडो कोरी हलत होत्या. पानांमधल्या बारीक फटींतून सूर्याचीच प्रतिमा खाली पडते, हे मला पुढे शाळेत कळले.

ही आठवण सांगितली याला कारण आहे. मी एका लहानशा शाळेत मुलांना शिकवितो आणि कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. खगोलशास्त्राची गणिते मला उमगत नाहीत, तेव्हा त्यावरच्या माहितीपटांची परीक्षा त्या अंगाने करण्याचा अधिकार मला नाही. पण आजीने दिलेली एक कसोटी माझ्याजवळ आहे. माहितीपट पाहून झाल्यावर दार उघडले की नाही? माणूस उठून बाहेर गेला, की पडद्यासमोरच बसून राहिला?

या प्रांतातले सर्वांत मोठे नाव कार्ल सेगन यांचे. १९८० साली अमेरिकेत त्यांची ‘कॉसमॉस’ ही तेरा भागांची मालिका दाखविली गेली. सेगन स्वतः शास्त्रज्ञ, पण त्यांची खरी ताकद दृष्टान्तात आहे. विश्वाचे सारे आयुष्य त्यांनी एका वर्षाच्या दिनदर्शिकेत बसविले. त्यात माणसाचा लिखित इतिहास ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपूर्वीच्या शेवटच्या दहाबारा सेकंदांत आटोपतो. आपल्या कीर्तनकारांना जे साधते तेच हे. अवघड तत्त्व घ्यायचे आणि ते ऐकणाऱ्याच्या घरातल्या वस्तूला बांधून द्यायचे. ही दिनदर्शिका मी दर वर्षी फळ्यावर काढतो, आणि दर वर्षी वर्गात शेवटच्या सेकंदांपाशी शांतता पसरते.

तरी माझी एक तक्रार आहे. सेगन आपल्या कल्पनेच्या यानात बसून ताऱ्यांकडे पाहतात, आणि कॅमेरा सेगनांकडे पाहत राहतो. त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहता पाहता आपल्याला वाटू लागते की आपलेही आश्चर्य करून झाले. दुसऱ्याने जेवावे आणि आपण ढेकर द्यावी, तसे काहीसे होते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरची आहे म्हणून सांगतो. दहाव्या भागात सेगन तामिळनाडूत येतात. पोंगलचा सण दाखवितात, नटराजाची मूर्ती दाखवितात, आणि ब्रह्मदेवाच्या अहोरात्राचे ८६४ कोटी वर्षांचे माप सांगतात. आधुनिक विज्ञानाच्या कालमानाशी जुळणारे माप याच धर्मात आढळते, असे ते म्हणतात. हे वाक्य आमच्याकडे लोक एकमेकांना मोठ्या अभिमानाने पाठवितात. पण त्याच वाक्यात, हे जुळणे योगायोगाचे आहे, असेही त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. तेवढे शब्द वाटेत कुठे गळून पडतात कोण जाणे! सेगनांनी आपला मानही ठेवला आणि विज्ञानाचे इमानही राखले. आपण त्यांचे अर्धे वाक्य घेऊन दोन्ही घालविले.

सेगनांच्या अगदी उलट प्रकृतीचा माणूस म्हणजे इंग्लंडचे पॅट्रिक मूर. २४ एप्रिल १९५७ रोजी त्यांनी बीबीसीवर ‘द स्काय अ‍ॅट नाइट’ हा मासिक कार्यक्रम सुरू केला आणि डिसेंबर २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, तो चालविला. एवढ्या काळात २००४ साली आजारपणामुळे एकदाच त्यांची जागा रिकामी राहिली. एका डोळ्यावर भिंग, कोट चुरगळलेला, बोलणे भरधाव. एकदा थेट प्रक्षेपणात तोंडात माशी गेली, तर ती गिळून हे गृहस्थ पुढे बोलत राहिले! यानही नाही, वाद्यवृंदही नाही. या महिन्यात कोणता ग्रह कुठे दिसेल ते सांगायचे आणि मंडळींना दुर्बिणीशी पाठवायचे. मूर यांनी विद्यापीठाची पदवी घेतलेली नव्हती. मॅट्रिकवाल्या मास्तराला ही गोष्ट किती धीर देते, ते वाचकांनी ओळखावे. ज्याने आकाश स्वतःच्या डोळ्यांनी पाहून पाठ केले, त्याच्या बोलण्याला एक घरगुती अधिकार असतो. तो पडद्यातून थेट पोचतो.

आजच्या पिढीतले ब्रायन कॉक्स यांना मूर यांचा साधेपणाही आवडतो आणि सेगनांचे यानही, असे मला वाटते. २०१० सालच्या त्यांच्या मालिकेत ते वाराणसीच्या घाटावर उभे आहेत. २२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण, गंगेत उभी असलेली माणसे, आणि त्या गर्दीत आनंदून गेलेला हा शास्त्रज्ञ. ते दृश्य पाहताना मला आमचे माजघर आठवले. पण पुढच्या वर्षीच्या मालिकेत संगीत इतके गरजले की निवेदन ऐकू येत नाही अशा तक्रारी प्रेक्षकांनी केल्या, आणि बीबीसीला ते खाली आणावे लागले. प्रेक्षकांचे बरोबर होते. रात्री आकाशाखाली उभे राहिले की पहिली जाणवते ती शांतता. जो माहितीपट दर अर्ध्या मिनिटाला ढोल वाजवितो, त्याला आपल्या विषयाचा भरवसा नसतो.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी दूरदर्शनसाठी ‘ब्रह्मांड’ ही मालिका केली. यान नाही, ढोल नाही. शिक्षक शांतपणे शिकवितो आहे. काहींना ती संथ वाटेल. पण २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा मला मालिकेहून अधिक आठवले ते त्यांचे पोस्टकार्ड. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, मला प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून धाडतो. माहितीपटाची मोठी उणीव यात भरून निघते. पडदा बोलतो, पण ऐकत नाही. नारळीकरांनी ऐकण्याचे काम पोस्टाकडे सोपविले.

आणि ज्या वाहिन्या ग्रहणाच्या दिवशी बारा राशींची फळे सांगायला ज्योतिषी बसवितात, त्यांच्याविषयी काय बोलावे? १९९५ साली टीव्हीने आमचे दार उघडले. आज तोच टीव्ही अनेक घरांची दारे लावून घेतो. आजी आता नाही. असती तर तिने तो बंद केला असता, अशी माझी समजूत आहे.

असो. इतरांना नावे ठेवल्यावर आपणही थोडे काम करावे, म्हणून मूर यांच्या रीतीने सांगतो. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते. फटाक्यांचा धूर निवला की नऊच्या सुमारास मुलांना घेऊन गच्चीवर किंवा अंगणात जा. पूर्वेकडे पाहा. लहानसा, धूसर, द्राक्षांच्या घोसासारखा पुंजका दिसेल. त्या कृत्तिका. ज्या कार्तिक महिन्याच्या उंबऱ्यावर आपण उभे आहोत, त्याला नाव यांनीच दिले. किती तारे मोजता येतात ते प्रत्येकाने स्वतःपुरते मोजावे. सहा बहुतेकांना दिसतात. कुणाला सातवी दिसली, तर त्याच्या पानात एक करंजी जास्त वाढावी.