‘झुंड’ बघताना आमची माणसं कुठं गप्प झाली

‘सामान्य माणूस’ ह्या शब्दाची मला चीड आहे. वर्तमानपत्री समीक्षक तो प्रसादासारखा वाटत सुटतात. पिक्चरमधला माणूस थोडा गरीब, थोडा भोळा असला आणि शेवटी हसला, की तो झाला सामान्य माणूस. मग ‘जगण्यावरची श्रद्धा’, ‘हृदयस्पर्शी’, ‘मानवतेचं दर्शन’. खलास! माझा सवाल साधा आहे. ह्या सामान्य माणसाचं आडनाव काय? आणि तो जगण्याला हो म्हणतो तेव्हा समोर खाली बसलेला माणूस काय म्हणतो?

1939 साली प्रभातनं व्ही. शांतारामांचा ‘माणूस’ काढला. ‘देवदास’ बघून दारूत बुडून मरायचं जे खूळ पसरलं होतं त्याला ते उत्तर होतं. गणपत नावाचा पोलीस, मैना नावाची वेश्या. ती तुरुंगात जाते, तो खचतो, तरी जगायचं ठरवतो. इंग्रजीत पिक्चरला नावच असं दिलं होतं की आयुष्य हे जगण्यासाठी आहे. मी तो मोबाइलवर बघितला, आवडला. पण गणपतच्या अंगावर वर्दी आहे, आणि वर्दीतल्या माणसाला जात विचारत नाहीत, निदान पडद्यावर तरी. पुढं 1979 चा ‘गोलमाल’. अमोल पालेकर म्हणजे सामान्य माणसाचा छापाच. त्याचं नाव काय? रामप्रसाद दशरथप्रसाद शर्मा. नोकरी टिकवायला तो मालकाशी खोटं बोलतो, नसलेला जुळा भाऊ उभा करतो, आणि सगळं थेटर पोट धरून हसतं. आमच्या वस्तीतला पोरगा नोकरीसाठी असं खोटं बोलला असता तर हसले असते का?

परदेशातली तऱ्हा निराळी नाही. विम वेंडर्स ह्या जर्मन दिग्दर्शकाचा 2023 चा ‘परफेक्ट डेज’ बघा. टोकियोतले सार्वजनिक संडास साफ करणारा हिरायामा. पहाटे उठतो, रोपांना पाणी घालतो, गाडीत कॅसेट लावतो, पानांतून गळणारं ऊन बघून हसतो. हे काम करणाऱ्या कोजी याकुशोला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं, आणि माणूस खरंच मोठा नट आहे. आमच्या जिनिंगमध्ये लाइट गेली त्या रात्री सरकीच्या ढिगापाशी बसून आम्ही तिघांनी तो बघितला. एक जण अर्ध्यात घोरायला लागला. दुसऱ्याचा चुलता सफाई कामगार. तो मन लावून बघत होता. बराच वेळानं म्हणाला, “ह्याला वास येत नाही का रे?” पुढं हिरायामाची बहीण ड्रायव्हरवाल्या गाडीतून येते. तसा तो उठून बसला. “बघ! म्हणलं नव्हतं? घरचा हाय ह्यो.”

मित्रांनो, एवढी समीक्षा मला मोठ्या मासिकात सापडली नाही. हिरायामा संडास धुतो कारण त्यानं ते निवडलं. आमच्याकडं हातानं मैला उचलायच्या कामावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी गटारात उतरून माणसं मरतातच, आणि कोण मरतं ते आडनावावरून कळतं. त्यांनी काही निवडलेलं नसतं. संडास साफ करणं ही थोर सेवा आहे असं आपल्याला आधीही सांगून झालेलं आहे. बाबासाहेबांनी गांधीजींच्या ह्या कौतुकाचा 1945 सालीच हिशेब केला होता.

आता ‘झुंड’. नागराज मंजुळेचा हा हिंदी पिक्चर 4 मार्च 2022 ला लागला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलकडं वळवलं, त्यावर बेतलेला. पडद्यावर ते विजय बोराडे होतात आणि काम अमिताभ करतो. कॉलेज आणि झोपडपट्टी ह्यांच्या मधे एक भिंत. पावसात पोरं प्लास्टिकच्या डब्याला लाथा मारतायत, मास्तर बघतो, दुसऱ्या दिवशी बॉल घेऊन येतो. तिथून पुढं जवळजवळ तीन तास. पेपरवाल्यांनी लिहिलं की एका सामान्य शिक्षकाची ही आशेची गोष्ट. म्हणजे इथंही सामान्य माणूस म्हणून बॉल देणारा घेतला, बॉल मारणारे झाले ‘झोपडपट्टीतली मुलं’.

मी तो 2022 ला जालन्यात बघितला होता. त्यावर लिहायचं डोक्यात आलं ते दुसऱ्यांदा बघताना, एप्रिल 2025 मध्ये, आमच्या वडीगोद्रीत. जयंतीच्या आठवड्यात पोरांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर आणला आणि वस्तीत पांढरी चादर ताणली. वडीगोद्री कुठं आहे हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. इथून जवळच अंतरवाली सराटी. तिथं ऑगस्ट 2023 मध्ये मनोज जरांगे उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला. मग जून 2024 मध्ये आमच्याच गावात लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसींच्या बाजूनं उपोषणाला बसले. तेव्हापासून गावात कोण कुणाच्या टपरीवर चहा पितो हे लोक मोजायला लागले. अशा दिवसात त्या रात्री चादरीसमोर आमची वस्ती तर होतीच, पण माझ्याबरोबर जिनिंगला असणारे धनगराचे दोघं आले, आणि माझा एक मराठा दोस्त मागं मोटारसायकलवर एक पाय टेकवून उभा होता. आत येऊन बसला नाही. गेलाही नाही.

पहिली शिट्टी अमिताभला, ती आमच्या बापाच्या वयाच्या माणसांची. दुसरी रिंकू राजगुरूला. पडद्यावर ती मोनिका असली तरी आमच्याकडं आर्चीच. कॉलेजविरुद्धच्या मॅचमध्ये पोरं ओरडली, पण जीव टांगणीला वगैरे कुणाचा नव्हता. कोण जिंकणार हे बारकी पोरंसुद्धा आधीच सांगत होती. मग जयंतीचा प्रसंग आला. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर अमिताभ हात जोडून उभा. सगळी वस्ती उठली, घोषणा झाल्या, दोन म्हाताऱ्यांनी चादरीलाच हात जोडले. हिंदीतल्या एवढ्या मोठ्या नटाला त्या तसबिरीपुढं उभं राहायला किती वर्षं लागली, हे ध्यानात घेतलं तर ते उठणं बरोबरच. मीही उठलो. पण कार्यकर्त्या मित्रांनो, एक सांगतो, राग मानू नका. तेवढा तुकडा कापून मोबाइलच्या स्टेटसला लावला म्हणजे ‘झुंड’ बघून झाला असं होत नाही. तिथं टाळी सोपी आहे. ती आधीपासून आपल्या हातात तयारच असते.

खरा पिक्चर त्याच्या पुढं आहे. मोनिका आडगावातली आदिवासी पोरगी. खेळायला परदेशी जायचं तर पासपोर्ट पाहिजे, पासपोर्टला ओळखीचा कागद पाहिजे, आणि तो तिच्याकडं नाही. ती आणि तिचा बाप ह्या दारातून त्या दारात. आपण आहोत हे सिद्ध करायला दुसऱ्या कुणाचा तरी कागद लागतो. इथं आमचं सगळं पब्लिक गप्प झालं. मघाशी ओरडणारी पोरं गप्प. त्या शांततेत आमच्या शेजारची आजी मोठ्यानं बोलली, “ह्याचा बी अंगठा उठंना का काय?” आणि मग जो हशा झाला तो अमिताभच्या एकाही वाक्याला झाला नाही.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. रेशनच्या मशीनवर बोट ठेवावं लागतं. आयुष्यभर कापूस वेचून, भांडी घासून, खुरपून आजीच्या बोटावरच्या रेघा झिजल्या. मशीन म्हणतं, ही बाई ती नव्हे. आजी म्हणते, अरे मीच की! हा तिचा दर महिन्याचा संवाद. मोनिकाच्या बापाला तिनं एका झटक्यात ओळखलं, आणि सामान्य माणूस म्हणून ओळखलं. तो गोंड की कोण हे तिनं विचारलं नाही.

मागं उभा असलेला माझा मराठा दोस्त नंतर म्हणाला, “आमची बी नोंद सापडंना.” निजामाच्या काळातल्या दप्तरात पणज्याच्या नावापुढं ‘कुणबी’ शोधणं चालू होतं त्याच्या घरी. पुढं 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला. धनगराच्या पोराला पडताळणीसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा पाहिजे. आणि आम्हाला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. म्हणजे 14 ऑक्टोबर 1956 ला जी जात आजोबांनी नागपुरात टाकून दिली, तिचाच कागद नातवानं शाळेच्या जुन्या दाखलखारिजातून हुडकून आणायचा. धर्म बौद्ध लिहिला तर केंद्राच्या सवलतीला 1990 पर्यंत बाहेर, त्यानंतर आत. आणि मी? जिनिंगमध्ये माझी हजेरी मुकादमाच्या वहीत पेन्सिलीनं असते. मिलच्या कागदात मी नाहीच. एक गठाण दाबून बाहेर पडते तिच्यावर नंबर असतो, वजन असतं.

त्या रात्री वडीगोद्रीत तीन बाजूंची माणसं एकाच प्रसंगाला गप्प झाली. ती एक झाली असं मी म्हणणार नाही. सकाळी ज्याची त्याची टपरी ज्याला त्याला. पण हे सभेत होत नाही, ते चादरीवर झालं. म्हणून ‘झुंड’ मला मोठा वाटतो. समीक्षक ज्याला जगण्याला होकार म्हणतात तो मॅच जिंकण्यात शोधतात. आमच्या लोकांना तो एका बापाच्या कागदासाठीच्या पायपिटीत दिसला. आधी सरकारनं हो म्हणावं, हा माणूस आहे म्हणून.

पिक्चर सगळा पटला असं नाही. बोराडे सर कोर्टात भाषण करतात तेव्हा निम्मं पब्लिक चहाला उठलं. बरोबर उठलं. आधी जे दाखवून झालं ते मास्तरांनी परत शिकवायची गरज नव्हती. डॉन एवढा जिवंत पोरगा, त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून का नाही? अमिताभ एरवी ह्यात कमी बोलतो, ते बरं वाटतं. तिथं मात्र सवय आडवी आली. नवरा सोडून मैदानात येणाऱ्या रजियाला अजून जागा पाहिजे होती. आमच्या बायकांनी तिला बघून एकमेकींना कोपर मारलं, ते मी पाहिलं.

एका कवी मित्रानं मला सुनावलं की आपलं साहित्य नकारातून जन्मलं, ‘फँड्री’त जब्या दगड भिरकावतो तो आपला, हे विमान-बिमान मध्यमवर्गाला खूश करायला. मला हे मान्य नाही. शेवटी विमान झोपडपट्टीवरून जातं तेव्हा खाली तीच भिंत आहे आणि ती ओलांडायला सक्त मनाई असल्याची पाटी तिच्यावर तशीच आहे. दिग्दर्शकानं ती पुसलेली नाही. आणि त्या पोरांतल्या एकाचा ऑक्टोबर 2025 मध्ये नागपुरात खून झाला. आमच्या पाळीत ती बातमी मोबाइलवर आली तेव्हा धनगराच्या पोरानं विचारलं, “कोणता रे, तो बाबू का?” मग मशीन सुरू झालं.

मित्र म्हणतो पुढच्या वेळी चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ लावू. 2015 ला लागला होता. गटारात मेलेला कामगार, त्याला गाण्यातून मरायला चिथावलं म्हणून धरलेला शाहीर नारायण कांबळे, आणि ते काम करणारे आपले वीरा साथीदार, 2021 मध्ये गेलेले. त्यात शेवटी कुणी हसत नाही. लावू. चादर आहे, प्रोजेक्टरच्या भाड्याची वर्गणी अर्धी जमली आहे. आजीला पुढं बसवणार आहे, ती काय बोलते ते पुढच्या अंकात लिहीन.