‘कुंटीण’ शब्दाचा अर्थ

जुन्या कागदांस टीपा देतांना कुंटीण, कलावंतीण व कुणबीण हे तीन शब्द एकाच पारड्यांत घालून, ‘पुरुषास भुलविणारी कपटी स्त्री’ असा तिहींचा अर्थ देण्याची रीत कित्येक ठिकाणीं दिसते. ती ग्राह्य नाहीं.

कुंटीण हें संस्कृत ‘कुट्टनी’चें मराठी रूप होय. पक्ष शब्दाचा जसा पंख झाला, तसाच येथें जोडाक्षराच्या जागीं अनुस्वार आला. अमरकोशांत कुट्टनी व शंभली हे पर्याय दिले आहेत. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशांतहि वेश्याव्यवसायांतील मध्यस्थ स्त्री हाच अर्थ आहे. मोहकपणाचा त्यांत गंधहि नाहीं.

ग्रंथप्रमाणहि असेंच आहे. काश्मीरचा राजा जयापीड याचा प्रधान दामोदरगुप्त यानें आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘कुट्टनीमत’ रचिलें. काव्यमालेंत १८८७ सालीं तें अपुरें छापलें. मधुसूदन कौल यांची अधिक पूर्ण प्रत कलकत्त्यास १९४४ सालीं निघाली. त्यांत वाराणसीची तरुण गणिका मालती ही विकराला नामक कुट्टनीचा सल्ला घेते. रूप मालतीचें, युक्ति विकरालेची. आणि कवीनें विकरालेस मुद्दाम जरठ व कुरूप रंगविलें आहे. प्रियकराच्या वियोगानें प्राण सोडणाऱ्या हारलतेची कथाहि तिच्याच तोंडीं आहे: गणिकेचें प्रेम खरें असतें हें गिऱ्हाइकास पटविण्याचें तें साधन! क्षेमेंद्राच्या अकराव्या शतकांतील ‘समयमातृका’ ग्रंथांतहि कलावती ही गणिका व कंकाली ही कुट्टनी अशा दोन निराळ्या व्यक्ति आहेत.

उरले दोन शब्द. कलावंतीण म्हणजे नृत्यगायनावर निर्वाह करणारी. कुणबीण म्हणजे पेशवाईंत खरेदी-विक्री होणारी दासी. या दासीच्या अंगीं कपट व मोहिनी चिकटविली, म्हणजे जिला विकलें तीच अपराधी ठरते, आणि विकणारा व घेणारा दोघेहि टीपेंतून सुटतात.

मोडी लेखनांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत व शब्द सलग लिहितात. म्हणून अशा स्थळीं वाचन आधीं निश्चित करावें, मग अर्थ द्यावा. रकमेची वा खरेदीची नोंद असेल तर ती दासीची नोंद असण्याचा संभव प्रथम तपासावा. संग्राहकांनींहि सूचीमध्यें मूळ शब्दच जसाचा तसा उतरावा, हें उत्तम.