मुक्या प्राण्यांची साक्ष

प्राण्यांवर प्रयोग करावे कीं करूं नयेत, ह्या वादास शतकाहून अधिक काळ लोटला. एका पक्षाच्या मुखीं दया, दुसऱ्याच्या मुखीं विद्या. आणि दोघांसही आपली बाजू इतकी उघड दिसते कीं, प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून घेण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. नेदर्लंड्समधील संशोधिका मेरेल रिट्स्केस-होइटिंगा यांच्या कार्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, तें अशासाठीं कीं, त्यांनीं ह्या वादांत एक तिसराच प्रश्न पुढें आणला. प्राण्यांवर आजवर जे प्रयोग झाले, ते प्रयोग म्हणून तरी नीट झाले होते काय?

१९५९ सालीं रसेल व बर्च ह्या दोघां ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं आपल्या ग्रंथांत तीन नियम सांगितले होते. जेथें साधेल तेथें प्राण्याऐवजीं अन्य साधन वापरावें. न साधेल तेथें प्राण्यांची संख्या कमी करावी. आणि जो प्राणी वापरावाच लागेल त्याच्या यातना कमी कराव्या. ह्या नियमांचा उच्चार वाढला, आचार मात्र मागें राहिला. आचारास बळ देणारें साधन ह्या विदुषींनीं शोधलें तें पद्धतशीर समालोचनाचें. एखादा प्रश्न आधीं निश्चित करावयाचा, त्यावर झालेले सर्व प्रयोग हुडकून काढावयाचे, आणि अनुकूल असोत वा प्रतिकूल, सर्वांस एकाच तराजूंत घालावयाचें, अशी ही रीत.

तो तराजू नायमेखेन येथील त्यांच्या सहकाऱ्यांनीं व त्यांनीं मिळून २०१४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत दहा प्रश्न आहेत. प्राण्यांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले कीं हातीं लागेल तो उंदीर उचलला? कोणत्या प्राण्यास औषध दिलें, हें निकाल पाहणारास ठाऊक होतें काय? पिंजरे मांडणींत कोठें ठेविले, हेंही विचारलें आहे. वाचकांस ही बारकाई हास्यास्पद वाटेल. परंतु वरच्या फळीवर उजेड व उष्मा निराळा, खालच्या फळीवर निराळा. सगळे औषध दिलेले उंदीर वर आणि न दिलेले खालीं असतील, तर गुण औषधाचा कीं फळीचा?

हा प्रश्न केवळ उंदरांचा नाहीं. निमोडिपीन नांवाचें औषध, मेंदूचा रक्तपुरवठा तुंबून होणाऱ्या पक्षाघातावर, हजारों रुग्णांस देऊन पाहण्यांत आलें व निष्फळ ठरलें. पुढें २००१ सालीं अन्य डच संशोधकांनीं त्याच्या प्राणिप्रयोगांचें समालोचन केलें, तेव्हां रुग्णांवरील चाचण्यांस आधार व्हावा असा खात्रीलायक पुरावा त्यांत आढळला नाहीं. इतकेंच नव्हे, तर प्राण्यांवरील व माणसांवरील चाचण्या एकाच वेळीं चालू होत्या! प्राणी व्यर्थ मेले आणि रुग्णांची आशाही व्यर्थ गेली. दया आणि विद्या यांचें येथें वैर नाहीं; दोघींचा घात एकाच निष्काळजीपणानें केला.

तथापि आमचे दोन आक्षेप आहेत. समालोचकास छापलेल्या निबंधावरच विसंबावें लागतें. जो प्रयोगकर्ता चिठ्ठ्यांविषयीं मौन धरतो, त्याच्यापुढें ‘अस्पष्ट’ एवढेंच लिहितां येतें. आणि जो फसलेला प्रयोग छापलाच गेला नाहीं, तो तराजूपर्यंत पोंचणेंच कठीण. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. पुढें उत्रेख्त विद्यापीठांत त्यांनीं पुराव्याच्या आधारें प्राणिविरहित पद्धतींकडे जाण्याचा विषय हातीं घेतला. हेतु स्तुत्य आहे. पण काचपात्रांतील पेशी किंवा संगणकाचें गणित हीं दयेच्या नांवाखालीं सवलतीनें उत्तीर्ण होतां कामा नयेत. आपल्या आवडत्या पक्षाची परीक्षा अधिक कठोरपणें घेणें, हीच ह्या कार्याची खरी कसोटी होय.

हा प्रश्न दूरदेशचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. भारतांतही २०२३ सालीं नव्या औषधांच्या नियमांत प्राणिविरहित चाचण्यांस वाव देण्यांत आला. आपल्या घरांतील आजाऱ्याच्या हातीं पडणाऱ्या गोळीमागें कोणाची तरी साक्ष असते. ती उंदराची असो वा यंत्राची, उलटतपासणीवांचून ती ग्राह्य मानूं नये, हा ह्या संशोधिकेच्या कार्याचा धडा आम्हांस मोलाचा वाटतो.