नुरा कुस्तीचा न्याय

सोयगावसारख्या गावीं दोन मल्ल संगनमतानें लढूं लागले, तर प्रेक्षक ती नुरा कुस्ती म्हणून हुर्यो उडवितात. तमाशांतल्या राजास मात्र खोटा राजा म्हणून कोणी हिणवीत नाहीं. व्यावसायिक कुस्तीची पारख ह्याच भेदावर करावी, असें आम्हांस वाटतें.

२६ जून १९७६ रोजीं टोकियोंत मुष्टियोद्धा महंमद अली व जपानी मल्ल अंतोनियो इनोकी यांची गांठ पडली. झुंज संगनमताची नव्हती, असें बहुतेक मानतात. पंधरा फेऱ्यांतला बराच वेळ इनोकी पाठीवर पडून लाथा झाडीत राहिला. अलीचे ठोसे मोजकेच पडले. सामना बरोबरींत सुटला आणि प्रेक्षक चिडले. उलट १९९८ सालीं बोस्टनला माइक टायसन जादा पंच म्हणून कुस्तीच्या मंचावर आला, तेव्हां सारें आधींच ठरलेलें असूनही लोक खूष झाले. तेथील चालकांनीं १९८९ सालींच हा करमणुकीचा खेळ असल्याची कबुली दिली होती.

हें सोंग कुशल आहे, हें आम्ही मान्य करितों. मात्र त्याला सामन्याचें नांव देऊं नये; १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांच्या घामाचें मोल त्यानें कमी होतें.