लाल दिव्याचा अर्थ : विद्यार्थी-प्रदर्शनांच्या संदर्भात
लाल प्रकाशाचे सांस्कृतिक अर्थ हा विषय घेऊन विद्यार्थी प्रदर्शन मांडतात, तेव्हा सारे दालन लाल उजेडाने भरून टाकण्याचा मोह प्रबळ असतो. त्यातून वातावरणनिर्मिती होते. अर्थाची उकल मात्र होत नाही. लाल दिव्याचा अर्थ रंगात नसून संकेतात असतो. १८६८ मध्ये लंडनच्या संसदभवनाजवळ उभारलेल्या गॅसच्या सिग्नलवर तो ‘थांबा’ सांगत होता. वेश्यावस्तीच्या दारावर तोच ‘या’ म्हणतो. भारतात मंत्र्यांच्या मोटारीवर तो ‘बाजूला व्हा’ असे फर्मावीत असे. १ मे २०१७ पासून नियमातील दुरुस्तीने त्या संकेताचा आधारच गेला. म्हणजेच दिवा लावणारा आणि त्याची झळ सोसणारा, असे दोन पक्ष त्यामागे असतात. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) मुंबईतील वेश्यावस्तीचे जग तेथील बोलीसह मराठी कवितेत आणले, तेथे वाचकाला सुखद अंतर राखता येत नाही. प्रदर्शनात ती वस्ती केवळ रंगछटा म्हणून आली, तर तेथील स्त्री पुन्हा अदृश्य होते. अशा मांडणीचे मूल्यमापन प्रकाशयोजनेवरून नव्हे, तर दिवा कोणी आणि कोणासाठी लावला हा प्रश्न ती विचारते की नाही, यावरून व्हावे.