कृत, कारित, अनुमोदित : एका कवीची आलोचना

आलोचना म्हणजे आपल्या दोषांची आपणच दिलेली कबुली, हे आपल्याला पाठशाळेतच शिकवलेलं असतं. हिंदीत मात्र हाच शब्द साहित्याच्या समीक्षेला वापरतात. पीटर डेल स्कॉट यांची ‘कमिंग टू जकार्ता’ ही दीर्घकविता वाचताना मला या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी भेटले. राजकारणावरची आणि तीही परदेशातल्या राजकारणावरची कविता आपण बायकांनी कशाला वाचायची, असं कुणी विचारील. वाचायला हवी, असं मला वाटतं, आणि का ते सांगते.

आधी कवीची ओळख करून देते. स्कॉट १९२९ साली कॅनडात, माँट्रियलला जन्मले. वडील एफ. आर. स्कॉट हे नावाजलेले कवी आणि घटनेचे जाणकार वकील, आई मॅरियन चित्रकार. मुलगा परराष्ट्रखात्यात गेला, काही काळ पोलंडमध्ये वॉर्सा इथे राहिला आणि १९६१ साली नोकरी सोडून अमेरिकेत बर्कली विद्यापीठात शिकवू लागला. तिथे चेस्वाफ मिवोश यांच्याबरोबर त्यांनी झ्बिग्न्येव हेर्बेर्त या पोलिश कवीचे अनुवाद केले. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी विरोध केला आणि त्यातूनच कागदपत्रं धुंडाळायची सवय लागली. १९७२ सालचं ‘द वॉर कॉन्स्पिरसी’ हे त्याचं फळ. म्हणजे सरकारी टिपणं कशी लिहितात, हे आतून पाहिलेला हा माणूस. टिपणातला कुठला शब्द काय झाकतो, हे त्यांना ठाऊक होतं.

कवितेच्या मुळाशी इंडोनेशिया आहे. ३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री तिथे सहा सेनापतींची हत्या झाली. लष्कराने दोष कम्युनिस्ट पक्षावर ठेवला आणि पुढच्या काही महिन्यांत निदान पाच लाख माणसं मारली गेली. आपल्या ओळखीतली कितीतरी मंडळी आता सहलीला जातात त्या बालीत सुमारे ऐंशी हजार माणसं मेली, असा अंदाज आहे. राष्ट्राध्यक्ष सुकार्णोंच्या हातून सत्ता गेली आणि सुहार्तो आले, ते १९९८ पर्यंत टिकले. जगाला सांगितलं गेलं की हा तिथल्या लोकांचा आपसातला संताप होता.

स्कॉट यांनी १९८५ साली एक शोधलेख लिहून या गोष्टीत अमेरिकेचा हात कुठवर होता, हे मांडलं. कविता १९८८ ची. अमेरिकी वकिलातीतून कम्युनिस्टांच्या नावांच्या याद्या लष्कराकडे गेल्या होत्या, ही बातमी १९९० साली छापून आली. पुढे सरकारी कागद खुले झाले, तेव्हा आणखीही दिसलं. या मोहिमेत उतरलेल्या एका गटाला ५ कोटी रुपिया देण्यासाठी अमेरिकी राजदूतांनी डिसेंबर १९६५ मध्ये अनुकूल मत कळवलं होतं. कत्तल चालू असताना वकिलातीला तिची खबर होती, हे २०१७ साली खुल्या झालेल्या कागदांनी दाखवलं.

इथे मला आपली जपमाळ आठवते. तिचे १०८ मणी का, हे तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात सापडतं. संरंभ म्हणजे मनाशी ठरवणं, समारंभ म्हणजे साधनं जुळवणं, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष सुरुवात. हे तिन्ही मनाने, वचनाने आणि कायेने. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेलं. त्याला चार कषायांनी गुणलं की १०८. आपल्याकडे लग्नाला समारंभ म्हणतात, शास्त्रात मात्र तो कर्माच्या वाटेतला टप्पा आहे. नावांची यादी टाइप करणारा कारकून काही कुणाला मारत नाही. तो समारंभात असतो. पैसे मंजूर करणारा कारित करतो. आणि वर्तमानपत्रात वाचून ‘बरं झालं, एक पीडा टळली’ म्हणणारा अनुमोदन देतो. कोर्टाला यातला पहिला, फार तर दुसरा दिसतो. तिसऱ्याचा हिशोब कुठल्याच दप्तरात नसतो.

तो हिशोब ही कविता मांडते, असं माझं म्हणणं आहे. तीन-तीन ओळींची छोटी कडवी, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच, आणि कडेला बारीक अक्षरात ही माहिती कुठून घेतली त्याचे संदर्भ. कवितेच्या कडेला पुरावा! सुरुवातीला विचित्र वाटतं, मग सवय होते. कत्तलीच्या शेजारी माँट्रियलचं लहानपण येतं, वडिलांच्या वर्तुळातली माणसं येतात, परराष्ट्रखात्यातले दिवस येतात. स्कॉट ‘त्यांनी केलं’ म्हणून मोकळे होत नाहीत. ज्या सुशिक्षित, सुखवस्तू वर्गातून ही धोरणं निघाली, त्याच वर्गात आपण वाढलो, त्यांच्याच पंगतीला जेवलो, हे ते स्वतःला बजावत राहतात. बौद्ध ध्यानाची ओढ त्यांना होती आणि ती पुढच्या दोन दीर्घकवितांत अधिक दिसते. ‘माइंडिंग द डार्कनेस’ने २००० साली ही त्रयी पुरी झाली. पण मला पहिलीच अधिक भिडते. तिच्यात शांतता मिळालेली नाही, नुसती शोधलेली आहे.

आता उणं काय, तेही सांगायला हवं. कवितेत नावांची फार गर्दी आहे. बँका, कंपन्या, अधिकारी, त्यांचे वकील. वाचताना लग्नघरात आल्यासारखं होतं, कोण कुणाचा साडू आणि कोण कुणाचा व्याही, लक्षातच राहत नाही. पण छुपी सत्ता अशा सोयरिकीतूनच चालते, तेव्हा ही गर्दी थोडीफार क्षम्य मानू. दुसरी तक्रार मोठी आहे. स्कॉट यांचं गद्य, विशेषतः केनेडींच्या हत्येवरचं आणि ११ सप्टेंबरवरचं, ओळखीपाळखींवर फार भार टाकतं. दोन माणसं एकमेकांना ओळखत होती, एवढ्यावरून त्यांनी मिळून काही केलं असं सिद्ध होत नाही. आपला अनेकान्त सांगतो, विधानाआधी ‘स्यात्’ लावा. गद्यात तो ‘स्यात्’ कधीकधी गळून पडतो. कवितेत मात्र तो टिकतो, कारण तिथे कवी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत नाही, तो स्वतःही साक्षीदारांच्या रांगेत उभा असतो.

तरी एक श्रेय त्यांच्या गद्यालाही द्यावं लागेल. आधी त्यांनी कपटाने, ठरवून चालवलेल्या राजकारणाला ‘पॅरापॉलिटिक्स’ हे नाव दिलं. पुढे १९९३ च्या पुस्तकात ते ‘डीप पॉलिटिक्स’वर आले. ज्या व्यवहारांची समाज उघड कबुली देत नाही, दाबून ठेवतो, ते सगळे यात येतात, मग ते मुद्दाम केलेले असोत की नसोत. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ‘कोणी कट केला?’ या प्रश्नावरून ते ‘आपण सगळे काय बोलत नाही?’ या प्रश्नावर आले.

आणि हा प्रश्न आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे. माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र बघा. कायद्याने मुलीला वाटा आहे. कुणी तिच्यावर ओरडत नाही, कुणी धमकी देत नाही. भाऊ गाडी घेऊन येतो, वहिनी साडी-चोळी करते, आई नुसती म्हणते, ‘अगं, माहेर तुटू नये.’ सही होते. विचारलंत की हे ठरवलं कुणी, तर घरात एकही हात वर होत नाही. पाच लाख मृत्यू कुठे आणि सातबारा किंवा उताऱ्यावरचं एक नाव कुठे, दोन्ही एका तराजूत घालण्याचा आचरटपणा मी करणार नाही. पण न दिसणारा हात कसा चालतो, हे आपल्याला परदेशातून शिकावं लागत नाही. गप्प राहून होकार कसा दिला जातो, यात आपण बायका तर पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेल्या आहोत.

म्हणूनच म्हणते, ही कविता वाचा. नावांपाशी अडखळलात तर पुढे जा, कडेचे संदर्भ दुसऱ्या वाचनाला ठेवा. आपल्या प्रतिक्रमणात आपण कृत, कारित, अनुमोदित हे तीन शब्द एका दमात म्हणून टाकतो. तिसऱ्या शब्दापाशी थोडं थांबायला ही कविता लावते.